वरून दिलेलं पिल्लू

खुडूक बसलेली कोंबडी नेहमीसारखी ओरडत नाही. घशातल्या घशात कुरकुरते, पिसं फुगवून दुप्पट होते आणि कोणी जवळ हात नेला की चोच मारते. पण जागची उठत नाही. दाणा टाकला तरी उठत नाही, पाणी ठेवलं तर मान लांब करून दोन घोट घेते आणि पुन्हा डोळे मिटते. मोठ्या आईची काबरी कोंबडी त्या उन्हाळ्यात अशीच बसली होती, सैपाकाच्या खोलीत, उतरंडीमागे, एका जुन्या टोपलीत भुशासारखं कुटार अंथरून केलेल्या जागेवर. तिची ती कुरकुर ऐकत मी कितीतरी रात्री झोपले. पुढे सारी हयात मी शाळेत शिकवण्यात घालवली. गोष्ट संपली की तात्पर्य विचारायची खोड हाडीमाशी खिळली आहे, म्हणूनच या गोष्टीच्या वाटेला मी इतकी वर्षं गेले नाही. हिचं तात्पर्य कोणीही काढील इतकी ती सोपी दिसते. भोगताना तशी नव्हती.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. धाडहून पायी तासाभरावर त्यांचं गाव. मोठे बाबा शेती करत; माणूस कमी बोलणारा, पण बोलला की पुढे कोणी बोलू नये असा. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही बुलढाण्याला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो. बाबा कचेरीत कारकून, आम्ही चार बहिणी आणि चौघींच्या पाठीवर झालेला, तेव्हा पाच महिन्यांचा भाऊ. बहिणींत थोरली ताई, मी तिसरी, धाकटी बेबी. परीक्षा संपली त्याच आठवड्यात मोठे बाबा आले आणि माय मला म्हणाली, "जाय वं कुसुम, सुट्टीभर मोठ्या आईजोळ राहून ये." माझे तीन फ्रॉक तिने पिशवीत घातले. वर हिवाळ्याचा स्वेटरही घातला. उन्हाळ्यात स्वेटर कशाला, हे मी विचारलं नाही. विचारणारी पोरगी मी नव्हतेच. समजूतदार म्हणून घरात माझं नाव होतं आणि त्या नावाचा मला गर्व होता.

मोठ्या आईचं घर पत्र्याचं, दुपारी तापून तडतडणारं. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची. गावातल्या बाकीच्या बायका ओव्या म्हणत दळायच्या, मोठ्या आईचं दळण मुकं असायचं. मग गाईची धार, मग चुलीतल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा तडतडाट आणि भाकर थापल्याचा आवाज. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, कांदा, तेल घातलेला ठेचा, दुपारी कढी-फुनके. डाळीचा वाफवलेला फुनका हातावर घेऊन ती फुंकर घालून निववायची आणि मग माझ्या ताटात ठेवायची. मी जेवत असताना समोर बसून माझ्याकडे पाहत राहायची. मला ते आवडायचं नाही. बुलढाण्याच्या घरात आम्ही बहिणी एकाच मोठ्या थाळीत जेवायचो, जी हळू खाईल ती उपाशी राहील असा कारभार होता. एकट्या माझ्या घासाकडे कोणी पाहत बसलेलं मला माहीतच नव्हतं. "मायची आठोण येते का वं?" ती मधूनच विचारायची. मी नाही म्हणायचे. मग ती आणखी एक फुनका वाढायची.

एका दुपारी मोठी आई शेतावर भाकर घेऊन गेली होती आणि मी घरात एकटी होते. कोनाड्यातल्या मडक्यात तिने तेरा अंडी जमवून ठेवली होती. अंडी बसवायची तर विषम आकड्यातच बसवायची, हे ती मला आदल्या दिवशीच सांगून चुकली होती. मी ती अंडी काढून पाहिली. कुणाला विष्ठा लागलेली, कुणाला कुटाराची काडी चिकटलेली, एकावर तर रक्ताचा वाळलेला डाग. आमच्या मायचा स्वच्छतेचा भारी सोस. खरकटं भांडं दिसलं की राख घेऊन घासायचं आणि उन्हात पालथं घालायचं, हे आम्हा बहिणींच्या अंगात मुरलेलं होतं. मोठ्या आईने मला घरातलं एकही काम सांगितलेलं नव्हतं, पाहुण्यासारखी ठेवली होती. मला वाटलं, आपणही काही करून दाखवावं. मी तेराही अंडी न्हाणीच्या दगडावर नेली, कपड्याच्या साबणाने काथ्या लावून एकेक घासली, आणि मे महिन्याच्या उन्हात अंगणातल्या फरशीवर ओळीने वाळत घातली. ती तिथे चांगली दोन तास होती. लख्ख झाली तेव्हा पुन्हा मडक्यात ठेवली. संध्याकाळी मोठी आई आली, तिने दिव्याच्या उजेडात कोळशाने प्रत्येक अंड्यावर खूण केली, विजेची बाधा होऊ नये म्हणून टोपलीत एक लोखंडी खिळा टाकला आणि अंडी काबरीखाली सरकवली. "या खेपी अंडे कसे नेटके निघाले," ती म्हणाली. मी खूष झाले आणि गप्प राहिले.

आजकाल अंडी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये धुऊनपुसून येतात. दुकानात मी ती हातात घेते तेव्हा माझे हात अजूनही थंड पडतात.

अंडी बसवल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी अवकाळी आभाळ आलं. पाऊस फारसा झाला नाही, पण विजा अशा कडाडल्या की गाय दावं तोडायला बघत होती. एकवीस दिवस झाले, बावीस झाले, तेविसाव्या दिवशी मोठ्या आईने काबरीखालून एक अंडं काढलं आणि कानाशी धरून हलवलं. आत पाणी खळखळल्यासारखा आवाज झाला. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. ते तिसरं हातातच फुटलं आणि खोलीभर असा वास सुटला की आम्ही दोघीही बाहेर आलो. मोठी आई ओसरीच्या पायरीवर बसली. "कोयसा ठेवाले पाह्यजे होता," ती म्हणाली. "म्या नुसता खिळाच ठेवला. एक कोयसा ठेवला असता तं वीज बाधली नसती." वीज बाधलेली नाही, हे मला का कोण जाणे, पण लगेच कळलं.

तरीही मी बोलले नसते. समजूतदार मुलींना आपली चूक लपवता फार छान येते. पण शेजारची यमुनाबाई विरजण मागायला आली, तिला वास आला, तिने डोकावून पाहिलं आणि मी तिथेच उभी असताना मोठ्या आईला म्हणाली, "तुले सांगून राह्यली होती का नाई, अंडे बसवाले माह्यावाल्या सुनेले बोलाव म्हणून? ज्या हातानं पाळणा नाई हालोला, त्या हाताखाली अंडं कसं जगन?" मोठ्या आईने विरजणाची वाटी यमुनाबाईच्या हातात दिली आणि आपले हात लुगड्याला पुसले. बराच वेळ पुसत राहिली. मी नऊ वर्षांची होते, पण आपल्या तोंडात असलेल्या एका वाक्याने त्या हातांवरचा डाग जाईल, एवढं मला समजत होतं. ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

काबरी तेवढी नासकी अंडी घेऊन बसूनच होती. तिला उठवलं तर चवताळून परत येई. दुसऱ्या दिवशी मोठे बाबा काही कामाने बुलढाण्याला निघाले. मोठी आई त्यांना म्हणाली, "तिकडं मशीनमंधी पिल्लं काढते ना एक जण? जमलं तं आणजा. हे बिचारी आशेवर बसून राह्यली." मला वाटलं, मोठे बाबा बुलढाण्याला जाताहेत तर मलाही घेऊन जातील, शाळा उघडायला आठ-दहा दिवसच उरले होते. मी पिशवी भरायला घेतली. मोठे बाबा चपला घालत म्हणाले, "आत्ताच काय घाई हाये?" आणि गेले. ते संध्याकाळच्या गाडीने परतले, काखेत भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं. आत चिवचिवाट. एकाच दिवसाची अकरा पिल्लं, पिवळी, लोकरीच्या गोळ्यासारखी. आणि त्यांच्यात एक वेगळं, उंच टांगांचं, पंखांना पिसांचे कोंब फुटलेलं. आधीच्या खेपेतलं उरलेलं असावं, पाच-सहा दिवसांचं. "ते त्यानं वरून देलं," मोठे बाबा म्हणाले. बाजारात माप झाल्यावर मूठभर वरून टाकतात, तसं.

यंत्रातल्या पिल्लांना कोंबडीखाली घालायचं ते दिवसा घालत नाहीत. दिवसा कोंबडीला हात दिसतो, परकं पिल्लू दिसतं, आणि ती टोचून मारते. अंधार पडू द्यायचा, दिवा लांब ठेवायचा, बोलायचं नाही, आणि एक अंडं काढायचं, एक पिल्लू सरकवायचं. मोठ्या आईने आधी हात चुलीशी शेकून घेतले. पिल्लांच्या पाठीला काबरीच्या टोपलीतलं कुटार चोळलं. मग ती टोपलीमागे बसली आणि मी तिच्या शेजारी खोकं मांडीवर घेऊन. मी एक पिल्लू तिच्या तळव्यावर ठेवायची, ती ते मागच्या बाजूने पंखाखाली न्यायची आणि येताना नासकं अंडं घेऊन यायची. काबरी गुरगुरली, पण चोच मारली नाही. बारावं ते वरून दिलेलं, तेही गेलं. मग आम्ही भिंतीला टेकून वाट पाहत बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. अचानक काबरीचा आवाज बदलला. महिनाभर ऐकलेली ती कुरकुर थांबली आणि तिच्या घशातून बारीक, तुटक, क्लक क्लक असा आवाज यायला लागला, आणि पंखाखालून पिल्लं त्याला उत्तर द्यायला लागली.

"घेतले तिनं," मोठी आई कुजबुजली. "आता तिले वाटन का हे तिनंच काढले."

"पण तिनं नाई काढले ना," मी म्हणाले. "आपण तिले फसोलं."

अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, की काबरीच्या त्या आवाजाने मला बळ आलं म्हणून, माझ्या तोंडून ते निघून गेलं. "मोठी आई, अंड्याईले वीज नाई बाधली. म्या धुतले होते ते. साबणानं. अन् उन्हात वाळू घातले."

"काऊन वं?"

"घाण दिसून राह्यले होते म्हणून."

"उन्हात?" ती म्हणाली. "मे महिन्याच्या उन्हात वाळू घातले?" आणि तिचं अंग हलायला लागलं. हसते की रडते ते मला कळेना. मी म्हणाले, यमुनाबाईला मी उद्या सांगते. त्यावर ती एकदम शांत झाली. "यमुनाले मराले जाऊ दे," ती म्हणाली. मग तिने माझा हात आपल्या हातात घेतला. शेकलेला हात होता, ऊबदार. "तू खरं सांगतलं. आता मले बी सांगा लागते. तुहे मोठे बाबा पिल्लं आणाले नोहते गेले, कुसुमे. तुह्या शाळेचा दाखला काढाले गेलते. तू सुट्टीपुरती नाई आली."

ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. मला मोठ्या आईच्या ओटीत घालायचं, हे दोघा भावांनी माघातच ठरवलं होतं. पोरीला आत्ता सांगायचं नाही, आधी रुळू द्यायची, शाळेत नाव घालायचं, मग हळूच सांगायचं, हेही ठरलं होतं. मी विचारलं, "माय काय म्हणे?" मोठी आई म्हणाली, "हाव म्हणे. भाकरी करून राह्यली होती. हाव म्हटलं, अन् तव्यावरची भाकर काही उलटली नाई तिनं. घरभर करपट वास झाला तरी नाई उलटली." मी रडले नाही. मी विचारलं, "मंग स्वेटर म्हणून देला का?" ती हाव म्हणाली. मी हात सोडवून घेतला आणि माझ्या अंथरुणावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. उतरंडीमागे काबरी रात्रभर त्या पिल्लांशी बोलत होती. मला तिचा राग राग आला.

सकाळी काबरी थाटात अंगणात उतरली आणि मागे अकरा पिल्लं. मोठ्या आईने ज्वारीच्या कण्या टाकल्या. काबरी एकेक कणी चोचीत घेऊन खाली टाकायची आणि बोलवायची, की अकराही धावून यायची. बारावं मात्र उंबऱ्यावर उभं राहून टिपेला ओरडत होतं. काबरीने त्याला टोचलं नाही. उलट दोनदा त्याच्याजवळ जाऊन बोलवलं. ते तिच्याकडे पाहायचं आणि माझ्या पायात येऊन उभं राहायचं. मी चालले की मागे चालायचं. "कोंबडीचा काई कसूर नाई," मोठी आई म्हणाली. "हे मोठं झालं. पहिल्या दिसापासून माणसाचे हात पाह्यले यानं. याले तिची बोलीच समजत नाई." हे ती कोंबडीबद्दल बोलत होती, निदान तेव्हा तरी तेवढ्याबद्दलच. संध्याकाळी काबरी पिल्लं घेऊन डाल्याखाली बसली तेव्हा मोठ्या आईने ते बारावं पुन्हा पंखाखाली सरकवलं. ते बाहेर आलं. पुन्हा सरकवलं, पुन्हा आलं. मी म्हणाले, मी त्याला माझ्याजवळ घेऊन झोपते, फडक्यात गुंडाळून. ती नाही म्हणाली. "तिच्याचजोळ राहू दे. थंडी वाजली का जाईन आपोआप आत. एक रात त्रास होईन, मंग जलमाचं रुळन."

त्या रात्री वारा सुटला होता. सकाळी मोठ्या आईने डालं उचललं तेव्हा काबरी अकरा पिल्लं पोटाशी घेऊन बसलेली, आणि बारावं तिच्या पंखापासून चार बोटांवर, मान लांब करून पडलेलं. ऊब चार बोटांवर होती. हे सगळं फारच जुळून आलेलं वाटतं, हे मलाही कळतं. दुसऱ्या कोणी लिहून आणलं असतं तर मी लाल शाईने खूण केली असती. पण ते तसं झालं. मोठी आई वाकली. मग तिने ते पिल्लू पदरात घेतलं, लिंबाखाली नेऊन खुरप्याने खड्डा केला, पुरलं आणि हात न धुताच आत आली. मोठे बाबा चहा पीत होते. "मी कुसुमेले घेऊन बुलढाण्याले चालली," ती म्हणाली.

"काऊन? पोरगी रुळून राह्यली, आता तिले कायले उचकोतं?"

"म्या तिले सारं सांगतलं. आता तिले इचारीन. तिची माय समोर असतानी इचारीन, अन् दिसाउजेडी इचारीन." आणि मग, त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकला अशा आवाजात, "मले लेक पाह्यजे, चोरीचा माल नाई."

मोठ्या बाबांचं बोलणं शेवटचं असतं असं मी वर लिहिलं आहे. त्या दिवशी नव्हतं. ते कपबशी खाली ठेवून गोठ्याकडे निघून गेले.

धाडच्या बाजारपट्टीवरून एसटी मिळाली. मी पिशवी मांडीवर घेतली होती, स्वेटरसकट. मी घरी चालले होते आणि परत येणार नव्हते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मोठी आई खिडकीशी बसली होती. रस्ताभर तिने मला समजावलं नाही, काही कबूल करून घेतलं नाही. मला उलटी होईल म्हणून एक लिंबू तेवढं हातात देऊन ठेवलं. तिचं तोंड एका दिवसात लहान झालं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही, हे खरं आहे आणि खरं तेच लिहायला बसले आहे.

माय दारातच बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. आम्हाला पाहून तिचा तांब्याचा हात थांबला. मग तिने बाळाच्या डोक्यावरचं पाणी निपटलं, त्याला फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "या बाई, बसा." ती मोठ्या आईला बाई म्हणायची. बहिणी शेजारी शेवया करायला गेल्या होत्या, बाबा कचेरीत. मोठ्या आईने टेकण्याच्या आधीच सांगून टाकलं, "लहाने, म्या पोरीले सांगतलं. मले राहवलं नाई. आता तिले तुह्याजोळ राहाचं असन, तं मी रिकाम्या हातानं जाईन अन् कोणाले दोष देणार नाई." मायने बाळाला झोळीत टाकलं आणि सैपाकाला लागली. वरण-पोळी झाली, गूळ-तूप निघालं. मग तिने दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली. एक मोठ्या आईचं. एक माझं. मी त्या ताटाकडे पाहत उभी राहिले. आमच्या घरात मला वेगळं ताट कधी मिळालं नव्हतं. वेगळं ताट पाहुण्याला. मोठी आईही जेवली नाही. घास मोडून नुसती बसली.

मी मायच्या मागे आतल्या खोलीत गेले. ती कोपऱ्यातल्या डब्यांशी उगाच काही हलवत होती. मी विचारलं. जन्मात पहिल्यांदा मी काही विचारलं असेन.

"मले काऊन देलं, माय? ताईले काऊन नाई? बेबीले काऊन नाई?"

ती वळली. तिला प्रश्न बाजूला टाकता आला असता, मोठ्यांच्या गोष्टी म्हणता आलं असतं, बाबांवर ढकलता आलं असतं. माझी माय तशी नव्हती. "मीच तुह्यं नाव घेतलं," ती म्हणाली. "कोणी मले जबरी नाई केली. अठी तू पाचातली एक. तठी तू एकलीच राहशीन, तुह्या तोंडाकडं पाहणारं कोणी राहीन. कोणाले तरी द्याचं होतं, तं म्या इचार केला का कोण सहन करन." ती थांबली. "बेबी रडून रडून मरन. ताईनं घर डोक्यावर घेतलं असतं. तू रडत नाईस, कुसुम."

ताई आता मला म्हणते की एवढ्या लहानपणचं तुला शब्दाला शब्द आठवणं शक्य नाही. नसेल. पण हा शब्द मला आठवतो, कारण तो ऐकला आणि माझ्यातून असा आवाज निघाला की झोळीतलं बाळ दचकून उठलं. मी रडत होते. समजूतदार कुसुम नऊ वर्षांत साठवलेलं सगळं एकदम रडत होती. मला श्वास घेता येईना. माय दोन पावलं पुढे आली, तिने हात पुढे केले, हे मी पाहिलं. बाळाने टाहो फोडला तेव्हा ते हात अर्धे झोळीकडे वळले, हेही पाहिलं. आणि मी धावले. कुठे धावते ते मला माहीत नव्हतं, मी ठरवून काही केलं नाही. उंबरठ्याला ठेच लागली आणि मी बाहेरच्या खोलीत, पाटावर बसलेल्या मोठ्या आईच्या मांडीत जाऊन पडले. तिच्या लुगड्याला गोवरीचा आणि ज्वारीच्या पिठाचा वास होता. मी त्यात तोंड खुपसून ओरडत होते.

तिने मला जवळ घेतलं नाही. लगेच घेतलं नाही. तिचे दोन्ही हात वर, हवेत, तसेच राहिले. मी रडताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या डोक्यावरून दाराकडे पाहत होती, जिथे माय बाळाला खांद्यावर घेऊन येऊन उभी राहिली होती. त्या दोघी एकमेकींकडे किती वेळ पाहत होत्या कोण जाणे. बाळ रडायचं थांबलं. माझ्या ठेचेतून रक्त येऊन पाटावर सांडलं होतं, ते मायने पाहिलं, आणि ती पुसायला पुढे आली नाही.

"बाई," ती म्हणाली, "धाडची शेवटची गाडी चारले सुटते. तिच्या ठेचेले तेवढी हयद लावजा."

तेव्हा कुठे मोठ्या आईचे हात माझ्या पाठीवर आले.